कोंबड्या संपेपर्यंत

पितरांचा ईस्टर आटोपला, थडग्यांवर ओतलेली वाइन मातीत मुरली, आणि दोन दिवसांत मोल्दोवातलं पेरेनी गाव नेहमीसारखं ओस पडलं. पार्मा, लिस्बन, फ्रँकफुर्ट, जिकडून आली तिकडे माणसं परत गेली. शाळेसमोर उभ्या असलेल्या व्हॅन बरण्या, पोती, माणसं आणि रडारड भरून एकेक करत निघाल्या. सगळ्यात शेवटी इटलीची व्हॅन सुटली. ती सुटली तेव्हा अनातोल रुसनाक कुंपणाला धरून उभा होता आणि त्याची बायको झिनाईदा अंगणात चेरीच्या झाडाखाली बसून पाय धूत होती. वळणावर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. झीनाने मान वर केली, ओला हात हलवला आणि पुन्हा टाचा घासायला लागली.

अनातोलला काही उमगेना. एकोणीस वर्षं हीच व्हॅन, हाच भोंगा आणि झीना व्हॅनच्या आत. दर वेळी तो तिची बॅग शाळेपर्यंत उचलून नेई, "पोचलीस की फोन कर" म्हणे आणि घरी येऊन दोन दिवस कुत्र्याशीसुद्धा बोलत नसे. यंदा बॅग उचल असं कोणी म्हटलंच नाही. बरं, मी राहतेय असंही कोणी म्हटलं नाही.

मग विचारायचं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पेरेनीत दारुड्याला तोंडावर दारुडा म्हटलेलं चालतं, पण घरी आलेल्या माणसाला 'मुक्काम किती?' विचारलेलं चालत नाही. विचारलं की त्याच्या हातात टोपी देऊन दार दाखवल्यासारखंच झालं. अनातोलच्या बापाकडे एक लांबचा मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि दोन हिवाळे राहिला. त्याने तळघरातलं एक अख्खं पिंप रिकामं केलं, तरी घरात कोणी हूं की चूं केलं नाही. अशा बापाचा हा मुलगा.

पण झीना पाहुणी कुठली? लग्नाची बायको. घराचे नवे पत्रे तिचे, न्हाणीघर तिचं, विहिरीवरचा पंपही तिचाच. सगळं परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं काढून मिळवलेलं. गोची झाली ती मोठ्या खोलीमुळे.

मोठी खोली पेरेनीतल्या प्रत्येक घरात असते. भिंतींना गालिचे, छताला टेकलेली उशांची चळत, कोपऱ्यात देवाची तसबीर आणि तसबिरीवर भरतकामाचा पांढरा रुमाल. घरची माणसं तिथे झोपत नाहीत. पाद्री, व्याही आणि पुरायच्या आधी एक रात्र ठेवलेलं प्रेत, एवढ्यांनाच तो मान. झीना पहिल्यांदा इटलीहून परत आली ती फार थकून आली होती. घरातलं सगळ्यात मऊ अंथरूण मोठ्या खोलीत, म्हणून त्याने तिथेच तिची बॅग ठेवली. ती म्हणाली, "राहू दे रे, मी आपल्या खोलीत पडते." तो म्हणाला, "छे छे, इथेच नीज." पुढच्या वर्षी तिने विचारलंही नाही, सरळ तिथेच गेली. तो उन्हाळी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, लोखंडी खाटेवर. नवरा-बायकोच्या मधे एक भिंत उभी राहिली आणि तीसुद्धा चांगली गालिचा लावलेली.

यंदाही तसंच चाललं होतं. सकाळी तो दारावर टकटक करी. आतून "हो हो, आले" असा आवाज येई आणि झीना केस बांधून, कपडे बदलून, लग्नाला निघाल्यासारखी बाहेर येई. तो तिच्यापुढे कोंबडीचं आंबट सूप ठेवी.

"छान झालंय," ती म्हणे.

"अजून घे."

"पुरे, खूप झालं."

"काहीच खाल्लं नाहीस."

ती वाडगा धुवायला उठली की तो तिच्या हातातून काढून घेई. झाडू घेतला तर झाडू. हा त्याचा जीव होता तिच्यावर, दुसरं काही नाही. आणि पाहुण्याला कोंबडी नाही घालायची तर काय घालायचं? एक दिवसाआड तो खुराड्यात हात घाली. ईस्टरला तिथे दाटीवाटी होती. जून उजाडेपर्यंत उरलेल्या कोंबड्या एकमेकींना नावाने हाक मारतील इतक्या थोड्या राहिल्या.

अशात जनगणना दारात आली. जनगणना म्हणजे रोदिका, शेजारच्या त्रोफीमची सून. ती गावच्या शाळेत शिकवायची, आणि शाळेत मुलं कमी झाल्यामुळे तिला वेळ भरपूर होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, पायात सासऱ्याचे रबरी बूट.

"काका, तुमच्या घरी माणसं किती?"

"जेवायला की झोपायला?"

"राहायला."

"मी."

"आणि काकू?"

"ती आलीय."

"आलीय म्हणजे?"

"आलीय म्हणजे आली. ईस्टरला."

"ते दिसतंय मला, परवा दुकानात भेटल्या. पण बघा, इथे विचारलंय, गेले बारा महिने इथे राहिल्यात का? नाही. बरं, मग पुढचे बारा महिने राहायचा विचार आहे का? हो म्हणालात तर त्या इथल्या. नाही म्हणालात तर तिथल्या."

अनातोलने टोपी काढली, आत काही लिहिलेलं असल्यासारखी पाहिली आणि पुन्हा घातली.

"मधलं काही नाही का?"

"मधलं काही नाही."

"मग कोरं सोड."

"कोरं सोडलं की हे पुढे सरकत नाही. हे बघा, लाल झालं."

"होऊ दे लाल."

"काका, मला अजून अर्धं गाव करायचंय! थांबा, काकूंनाच विचारते. कुठायत त्या?"

"नको!" अनातोल एवढ्या जोरात म्हणाला की कुत्रा उठून बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू नको विचारूस. तिला वाटेल मीच तुला पुढे घातलं. तू पुढल्या आठवड्यात ये. तोवर मी बघतो."

मोठ्या खोलीच्या खिडकीतून झीनाचा आवाज येत होता. ती फोनवर इटालियन बोलत होती, भरभर, मधेच हसत. रोज एकदा हा फोन येई. अनातोलला इटालियनमधला एकच शब्द माहीत होता, 'चाओ', आणि तो तिथली माणसं येतानाही म्हणतात आणि जातानाही, त्यामुळे त्यातून काही हाती लागत नव्हतं. पण एवढं कळत होतं की ही बाई तिकडे हसते तशी इकडे हसत नाही. ते त्याला फार लागलं.

त्या आठवड्यात सगळं गावच या टॅबलेटने पिसाळलं होतं. सरपंचाने जाहीर करून टाकलं की यंदा पेरेनीत जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त झाले, आमच्या हयातीत पहिल्यांदा. दुकानासमोरच्या बाकावर त्रोफीम हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"येणारे जास्त!" तो अनातोलला म्हणाला. "कोण आलं ते तरी सांगा. ओदेसाची ती बाई, लढाईमुळे तीन पोरं घेऊन दवाखान्याच्या खोल्यांत राहते. ती आली, कबूल. पण तिला विचार, ती म्हणते मी आलेलीच नाही, मी नुसती थांबलेय. मग इओन चोबानू. पोर्तुगालहून पेटीत घालून आणला. तो आला की नाही?"

"आला," अनातोल म्हणाला.

"आला ना? स्वतःच्या पायांनी नाही आला, पण राहणार तर कायमचा. बारा महिने कसले, बारा हजार महिने. रोदिका म्हणते, त्याला धरायचा नाही. अरे वा! जाताना धरला आणि येताना धरायचा नाही? मग कागदावर तो अजून पोर्तुगालातच भटकतोय. त्याच्या थडग्यावर वाइन ओतली ती मग कोणाच्या घशात गेली?"

"तुझ्या," दुकानातून कोणीतरी म्हणालं.

"आणि माझा पोरगा? सहा वर्षं झाली आयर्लंडात कॉर्कला जाऊन. त्याची सायकल इथे, बायको इथे, दात घासायचा ब्रश इथे. रोदिकाने काय केलं माहितीय? परवा आमचं घर लिहायला बसली. 'माणसं?' स्वतःलाच विचारलं. 'सासरा एक, मी एक.' आणि नवऱ्यासाठी स्वतःच्या बोटाने 'बाहेर' दाबलं. मग अंगणात जाऊन उभी राहिली. मी हाक मारली तर म्हणे, कोबीवर अळी बघतेय. अंधारात कसली अळी दिसते?"

मग त्रोफीमने अनातोलच्या गुडघ्यावर थाप मारली.

"तू सांग. तुझी आलीय की थांबलीय?"

"मला कुठे माहितीय."

"विचार."

"तू विचारशील?"

"मी? छे! मी कसा विचारणार, सभ्य माणूस आहे मी. पण सामान बघ. थंडीचा कोट आणलाय का? कोट असेल तर राहणार. उन्हाळ्यात कोट कोण उगाच वाहून आणतं?"

झीना चर्चला गेल्यावर अनातोलने तिची बॅग उघडली. आपल्याच घरात, आपल्याच बायकोची बॅग उघडताना त्याला चोरी केल्यासारखी लाज वाटत होती. कोट नव्हता. त्याने पुन्हा चाचपून पाहिलं. पण तळाशी, टॉवेलात गुंडाळलेलं, कॉफीचं छोटं आठकोनी भांडं होतं. ते तिने आजवर कधी आणलं नव्हतं. चार दिवसांसाठी आलेलं माणूस चुलीवरचं भांडं घेऊन येतं का? तो थोडा सावरला. इटलीची व्हॅन दर शनिवारी शाळेपाशी येई; त्या शनिवारी झीनाने त्याला एक खोकं दिलं, "हे तेवढं इटलीच्या व्हॅनमध्ये टाकून ये." खोकं हलकं होतं. आत काय आहे हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. म्हणजे सामान पुढे पाठवायला लागली की काय? वाटभर त्याने ते खोकं कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळत होतं. कपडे तर खुळखुळत नाहीत.

"कोट नाही म्हणजे जाणार," त्रोफीम बोटांवर मोजत म्हणाला. "भांडं आहे म्हणजे राहणार. खोकं गेलं म्हणजे जाणार. अनातोल, तुझी बायको निम्मी आलीय."

"थट्टा नको करूस."

"बरं, मग अक्कल घे. तुझंच चुकतंय. रोज कोंबडी काय, टकटक काय! पाहुणीसारखं ठेवलंस तर ती पाहुणीसारखी जाईल. घरच्या बाईला काय देतात? काम देतात. उद्या पहाटे कुदळ ठेव तिच्या हातात. घेतली तर तुझी. नाही घेतली तर व्हॅनची."

अनातोलला हे पटलं. माणूस गोंधळला की त्याला कोणाचंही पटतं. त्यात खुराडं. दुसऱ्या दिवशीच्या सुपानंतर तिथे एक कोंबडी आणि एक कोंबडा उरणार होता, आणि त्यानंतर काय घालायचं या काळजीने त्याची झोप उडाली होती. त्रोफीमकडे चार उसन्या मागाव्यात, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

सकाळी त्याने टकटक केली नाही. सरळ दार ढकललं. झीना नुकती उठली होती, केस मोकळे, पाय गालिच्यावर. असे मोकळे केस त्याने किती वर्षांत पाहिले नव्हते. भांगात पांढरी पट्टी पडली होती. तो जे बोलायचं पाठ करून आला होता ते अर्धं विसरला.

"झीने, ऊठ. मक्यात तण माजलंय. ऊन चढायच्या आत दोन ओळी काढू." आणि त्याने कुदळ पुढे केली.

झीनाने कुदळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा कुदळीकडे.

"मला?"

"हो. म्हणजे... घरचं काम..."

"एकोणीस वर्षं त्या बायांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचलून माझ्या कमरेचा भुगा झालाय. तिथला डॉक्टर म्हणाला, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. तुला माहितीय हे? नाही माहीत. कधी विचारलंस? आणि आता कुदळ! महिनाभर मला साधा वाडगा विसळू दिला नाहीस, आणि आज उठल्याउठल्या कुदळ! अनातोल, मी पाहुणी आहे की मजूर, एकदा काय ते ठरव!"

"तेच तर मला कळत नाहीये!" अनातोल ओरडला.

इतक्या वर्षांत तो तिच्यावर ओरडला नव्हता. वर्षातून काही दिवस भेटणाऱ्या बायकोवर ओरडायला वेळ कुठे असतो? दोघंही दचकली.

"काय कळत नाहीये?" झीनाने विचारलं.

"तू जाणार की राहणार."

"मग विचारायचं."

"कसं विचारणार? विचारलं तर तुला वाटेल, हा जा म्हणतोय."

झीना पलंगाच्या कडेवर बसली. डोक्याला बांधायचा रुमाल हातात घेऊन ती त्याची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

"आणि मला काय वाटत होतं माहितीय? एक दिवसाआड कोंबडी. स्वतःच्या बायकोला असं कोणी घालतं? पाहुण्याला घालतात. मी रोज खुराड्याकडे बघत होते. म्हटलं, याला तोंडाने सांगवत नाहीये, म्हणून कोंबड्या कापून सांगतोय. संपल्या की आपणहून निघावं. यजमानाची शेवटची कोंबडी खाऊ नये, आई सांगायची माझी."

"अगं, मला वाटत होतं, कोंबड्या संपल्या की तू जाशील! म्हणून मी त्रोफीमकडून उसन्या आणणार होतो!"

खरं म्हणजे इथे हसायला हवं होतं. झीनाच्या ओठांच्या कडा हलल्यासुद्धा. पण हसू काही बाहेर आलं नाही, कारण आता तो प्रश्न दोघांच्या मधे उघडा पडला होता आणि त्याच्यावर झाकण घालायला आता कोंबडीही पुरणार नव्हती.

"मग राहणार आहेस का?" अनातोलने विचारलं. त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मला नाही माहीत," झीना म्हणाली.

तो उभाच राहिला. ती खाली बघून बोलत राहिली. "तू म्हणशील, ही काय बाई आहे, हिला स्वतःचंच माहीत नाही. नाहीच माहीत. कोट तिथेच ठेवलाय, मुद्दाम. कॉफीचं भांडं आणलं, तेही मुद्दाम. म्हटलं, बघू कुठलं आधी लागतंय. त्या खोक्यातून अक्रोड पाठवले तिथल्या म्हातारीला, तर पाठवताना रडू आलं. तिथे मला प्रत्येक खणात काय आहे ते झोपेत सांगता येतं. इथे परवा मीठ शोधत होते. माझ्या घरात! तुझ्या हाताशी सगळं आहे, तुझ्या उंचीवर. मीठ वरच्या फळीवर. माझा हात तिथे पोचत नाही, अनातोल. तिथे मी 'आमची मोल्दोवाची बाई', इथे दुकानात 'इटलीवाली आली' म्हणतात. आणि तू... तू एकटं राहायला शिकलास. चांगला शिकलास. तुला मी हवीय का, तेही मला माहीत नाही."

अनातोलने तोंड उघडलं. आत खूप काही होतं, पण ते एकमेकांना ढकलत दारातच अडकलं. "मका..." एवढंच तो म्हणाला.

"जा," झीना म्हणाली. "जा तू मक्याला."

तो गेला. दोन ओळी म्हणून गेला आणि किती ओळी काढल्या ते त्यालाही कळलं नाही. तणाबरोबर मक्याची रोपंही गेली. तो स्वतःला शिव्या देत होता. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. तो एकटं राहायला शिकला होता, आणि ती राहिली तर सकाळी कॉफी कोणी करायची, दिवा कोणी मालवायचा, लोखंडी खाटेचं काय करायचं, या विचारानेही त्याला घाम फुटत होता. आणि ती गेली तर? त्या विचाराला तर तो हातच लावत नव्हता.

ऊन चढल्यावर तो घरी आला तेव्हा रोदिका अंगणात उभी होती. घामाघूम, टॅबलेट छातीशी धरलेला.

"काका, आज शेवटचा दिवस आहे. पेरेनीत एकच घर लाल राहिलंय, तुमचं. सरपंचांचे तीन फोन आले. काहीही सांगा, पण सांगा."

झीना पायरीवर चेऱ्यांच्या बिया काढत बसली होती. हात कोपरापर्यंत लाल. तिने मान वर केली. "काय विचारतेयस गं?"

रोदिकाने अनातोलकडे पाहिलं. अनातोलने जमिनीकडे पाहिलं. मग रोदिकाने मास्तरणीच्या आवाजात सगळं वाचून दाखवलं: गेले बारा महिने, पुढचे बारा महिने, राहायचा विचार.

"आणि याने काय सांगितलं?"

"काकांनी उद्या ये म्हणून सांगितलं. पंधरा दिवस तेच सांगतायत."

झीना काही बोलणार तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. जुलिआना. ज्या म्हातारीला झीना सांभाळायची तिची मुलगी. झीनाने कोपराने फोन उघडला. पलीकडून आवाजाचा लोंढा सुरू झाला. बाई रडत होती की भांडत होती, अनातोलला समजेना. झीना मधेच 'सी, सी' म्हणत होती, होकारार्थी मान हलवत होती आणि तिचा चेहरा असा ओढल्यासारखा दिसत होता की अनातोलला राहवेना.

"काय म्हणतेय?"

"नवी बाई पळाली. म्हातारी जेवत नाहीये. ये म्हणतेय. शनिवारच्या व्हॅनने ये." झीनाने डोळे पुसायला हात उचलला, तो लाल होता म्हणून पुन्हा खाली घेतला. "मी काय सांगू हिला? हिला रोज काय सांगू? घे, तूच सांग."

आणि तिने फोन त्याच्या हातात कोंबला.

अनातोलने फोन तोंडासमोर धरला, वाटी धरतात तसा. त्याला इटालियन येत नव्हतं. त्या बाईला त्याची भाषा येत नव्हती. आणि बहुतेक म्हणूनच ते दारातलं अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"हॅलो! बाई! मी अनातोल बोलतोय, झीनाचा नवरा! ऐका. तुमच्या आईचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण तुम्हाला दुसरी कोणीतरी मिळेल. मला नाही मिळाली. मी शोधलीसुद्धा नाही. मला एकट्याने राहता येतं, भांडी लावता येतात, सगळं येतं, पण ते मी शिकलो कारण दुसरं काय करणार होतो? ती राहिली तर मी कसा वागेन मला माहीत नाही. मी चुकीचंच वागेन. आज सकाळीच कुदळ दिली तिला. पण ईस्टरची व्हॅन निघून गेली ना, बाई, तेव्हा मी कुंपण धरून उभा होतो, कारण सोडलं असतं तर पडलो असतो. एवढा आनंद झाला होता. मला ती हवीय. तिची कंबर मोडली असली तरी हवीय. ती कुठे जाणार नाही. ती इथे राहते. इथे! कळलं?"

"प्रोंतो?" फोनमधून 'हॅलो' विचारल्यासारखा बारीक आवाज आला. "प्रोंतो?"

रोदिका चेरीच्या झाडाकडे तोंड करून उभी होती. पानांवर अळी शोधत असावी.

झीनाने हात पुढे केला. अनातोलने फोन दिला. मग ती इटालियनमध्ये बोलली, सावकाश, बराच वेळ. पूर्वीसारखी हसली नाही. त्याला एक अक्षर कळलं नाही. मधे दोनदा त्याचं नाव आलं, आणि त्याच्यापुढे काय होतं, मागे काय होतं, देव जाणे. मग तिने फोन पायरीवर पालथा ठेवला. फोनवर चेरीची लाल बोटं उमटली.

"काय सांगितलंस?" अनातोलने विचारलं.

"तू एवढा ओरडत कशाला होतास?" झीना म्हणाली. "जुलिआना बहिरी नाहीये. तिची आई बहिरी आहे."

"पण सांगितलंस काय?"

तिने एक चेरी उचलली, बी काढली, भांड्यात टाकली.

"काकू," रोदिका हळूच म्हणाली, "मग मी काय दाबू?"

"तुझ्या यंत्राने विचारच विचारलाय ना? जमेल की नाही ते नाही ना विचारलं?"

"नाही. फक्त विचार."

"मग लिही, विचार आहे."

रोदिकाने बोट टेकवलं. टॅबलेटने थोडा वेळ घेतला, मग लाल जाऊन हिरवं झालं. नियमाप्रमाणे तिने नोंद मोठ्याने वाचून दाखवली, घर, गल्ली, आडनाव. "राहणारी माणसं, दोन."

"परत वाच," अनातोल म्हणाला.

"काका, झालं की."

"झालं गं. तरी परत वाच."

रोदिकाने नाक ओढलं आणि पुन्हा वाचलं. "दोन."